ड्राफ्ट : ओढून काढलेले

मराठीत ड्राफ्ट म्हणजे कच्चा मसुदा. कॅनडियन फुटबॉल लीगमध्ये मात्र दरवर्षी नऊ संघ विद्यापीठांतले खेळाडू पाळीपाळीने निवडतात, तोही ‘ड्राफ्ट’च. मुळाशी जुन्या इंग्रजीतला ‘ड्रागान’, म्हणजे ओढणे, हा धातू आहे. रेघ ओढली की आराखडा झाला. गावांतून माणसं ओढून काढली की सैन्य. १८६३ साली न्यूयॉर्कमध्ये सक्तीच्या भरतीविरुद्ध पेटलेल्या दंगलींना ‘ड्राफ्ट’चंच नाव मिळालं. १९३६ मध्ये अमेरिकी व्यावसायिक फुटबॉलनं खेळाडूंची अशी पहिली निवड केली. सक्तीचा अंश खेळातही उरलाच: संघ खेळाडू निवडतो, खेळाडू संघ नाही. तरी कॅनडातली ही प्रथा मला मोलाची वाटते, कारण तिथे ती मुख्यतः अमेरिकी खेळाडूंसाठी नाही, कॅनडियन मुलांसाठी आहे.