दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को : हवाई अंतर व प्रवासकाल

दिल्लीचा इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि सॅन फ्रान्सिस्को विमानतळ यांच्यातील किमान हवाई अंतर सुमारे 12,400 किमी. आहे. थेट विमानाला मार्ग व ऋतूनुसार साधारण 14 ते 17 तास लागतात.

भिंतीवरच्या नकाशात कॅलिफोर्निया पार पश्चिमेच्या टोकाला दिसतो. पृथ्वीगोलावर दोरा ताणला, तर तो दिल्लीहून जवळजवळ सरळ उत्तरेला निघतो. हिमालय, शिनच्यांग, सायबेरिया ओलांडून 75 अंश उत्तर अक्षांशाच्या पुढे जातो आणि अलास्कावरून खाली उतरतो. विमाने मात्र या रेषेवर क्वचितच उडतात. केबिनमधील हवेचा दाब गेला, तर विमानाला सुमारे 3,000 मीटर उंचीपर्यंत उतरावे लागते. तिबेटचे पठारच सरासरी 4,500 मीटर उंच आहे. ध्रुवीय प्रदेशातल्या थंडीत इंधनाचे तापमानही सांभाळावे लागते. जेट ए-1 हे इंधन उणे 47° से. च्या सुमारास गोठू लागते.

अंतर आणि वेळ यांचे गणित किती फसवे असते, हे एअर इंडियाच्या सेवेने दाखवून दिले. डिसेंबर 2015 मध्ये बोइंग 777-200 एलआर विमानांनी सुरू झालेली ही सेवा युरोप व अटलांटिकवरून जात असे. उड्डाण सुमारे 13,900 किमी.चे होते. ऑक्टोबर 2016 मध्ये विमान पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेण्यात आले. अंतर 15,300 किमी. झाले, म्हणजे 1,400 किमी.ने वाढले, तरी विमान साडेचौदा तासांत, जवळपास दोन तास आधी पोचले. उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. आधी ते नाकावर येत होते, आता पाठीशी आले. साडेचौदा तासांत 15,300 किमी. म्हणजे जमिनीच्या सापेक्ष सरासरी ताशी 1,055 किमी.; या विमानाचा स्वतःचा वेग ताशी 900 किमी.च्या आसपास. उरलेले काम वाऱ्याचे. हे पाहता दोन शहरांमधले किलोमीटर भागिले वेग असा हिशेब मांडणारी कोष्टके लांब पल्ल्यासाठी कुचकामीच म्हणावी लागतात.

15 ऑगस्ट 2019 रोजी याच दोन शहरांदरम्यान एअर इंडियाचे उत्तर ध्रुवीय प्रदेशावरून जाणारे उड्डाणही झाले.

मार्ग राजकारणावरही ठरतो. अमेरिकी विमानांसाठी रशियाचे आकाश बंद झाल्याने युनायटेड एअरलाइन्सने मार्च 2022 मध्ये आपली दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सेवा थांबवली. भारतीय विमानांना ते खुले राहिले. जून 2023 मध्ये इंजिनात बिघाड झाल्याने याच सेवेवरील एअर इंडियाचे विमान रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदान येथे उतरवावे लागले. 216 प्रवाशांना दुसरे विमान येईपर्यंत तेथेच थांबावे लागले.

तिकिटावरील दोन्ही वेळा स्थानिक असतात. दिल्लीहून जाताना प्रवासकाल काढायचा, तर घड्याळांत दिसणाऱ्या फरकात उन्हाळ्यात साडेबारा व हिवाळ्यात साडेतेरा तास मिळवावे. उन्हाळ्यात पहाटे 4 वाजता निघून साडेचौदा तास उडालेले विमान त्याच तारखेला सकाळी 6 वाजता उतरते.