मंजरी कुणाची?

द्राक्षाचा घड म्हणजे रेसीम नव्हे, हे वाचले आणि मी चक्रावलो. वनस्पतिशास्त्रातला ‘रेसीम’ हा शब्दच मुळी लॅटिन ‘रासेमुस’वरून आलेला, आणि रासेमुस म्हणजे द्राक्षाचा घड. ज्याच्यावरून नाव पडले, तोच नावाबाहेर!

व्याख्या सोपी आहे. न फाटलेला एकच दांडा, त्यावर देठाची सुटी फुले, बुडाकडची आधी उमलणारी, शेंडा वाढत राहणारा. बहावा पाहा, नाहीतर मोहरी. मराठी परिभाषेत ही मंजरी. द्राक्षाच्या घडाला मात्र फांद्या असतात आणि फांद्यांच्या टोकांशी फुलांची लहान जुडगी.

मुळात रासेमुस आला कुठून? ग्रीकमध्ये द्राक्षाच्या मण्याला ‘र्‍हाक्स’ म्हणतात. लॅटिनने तोच उचलला, असे म्हणणे सोपे आहे. पण मग शेवटचा ‘एमुस’ कसला? ग्रीकमधून तो निघत नाही आणि लॅटिनमध्येही त्याचा उलगडा होत नाही. म्हणून मला दुसरा पक्ष पटतो: भूमध्य समुद्राकाठी या दोन्ही भाषा येण्याआधी वेल लावणारे जे लोक होते, त्यांच्या बोलीतून दोघींनी तो वेगवेगळा उचलला असावा. त्या बोलीचा पुरावा उरलेला नाही, हे खरे. पण वेल ज्यांची, शब्दही त्यांचाच असणार!

पुढे या शब्दाने बरीच भटकंती केली. फ्रेंचमध्ये तो ‘रेझँ’ म्हणजे द्राक्ष झाला, इंग्रजीत ‘रेझिन’ म्हणजे मनुका. वाइनच्या पिंपात साचणाऱ्या क्षारांच्या कारखान्यात एक आम्ल सापडले, त्याला ‘रेसिमिक’ नाव पडले. ते ध्रुवित प्रकाशाचे प्रतल फिरवत नसे. १८४८ मध्ये लुई पाश्चरने त्याच्या एका क्षाराचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली हाताने निवडून दोन ढिगांत वेगळे केले. निम्मे उजवे, निम्मे डावे, एकमेकांची आरशातली रूपे. पुढे त्यावरून अशा समसमान मिश्रणाला रेसिमिक म्हणतात. औषधाच्या दुकानातले सेटिरिझिन रेसिमिक आहे आणि लेव्होसेटिरिझिन हा त्याचा एकच अर्धा. सर्दीच्या गोळीत फुलोऱ्याचे नाव दडले आहे, हे दुकानदाराला सांगून पाहिले. त्याने सुटे पैसे मागितले.

तर मग द्राक्षाचा घड आहे तरी काय? अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला ‘थिर्स’ म्हणतात: मुख्य दांडा वाढत राहणारा, पण बाजूची जुडगी अशी, की त्यांत मधले फूल आधी उमलते. थिर्सस म्हणजे डायोनिसस या ग्रीक देवाची आयव्ही गुंडाळलेली, शेंड्याला चीडफळ असलेली काठी. हा देव कशाचा? मद्याचा! द्राक्ष एका नावातून सुटले आणि द्राक्षदेवाच्याच हाती सापडले.

इथवर ठीक होते. मग वाटले, आपल्या मंजरीचे काय? संस्कृतात आंब्याच्या मोहोरालाही मंजरी म्हणतात, आणि तो तर चांगला फांद्यांचा झुपका. पण मराठी माणसाला मंजरी म्हटले की तुळसच आठवते. घरोघरी तिला मंजिरी म्हणतात, नाहीतर मंजुळा. काहींच्या मते हे दुसरे रूप थेट संस्कृत मंजुल, म्हणजे सुंदर, यावरून आले. मला वाटते, मंजिरीलाच ‘मंजुळ’च्या गोडव्याने आपल्याकडे ओढले. लोकबोलीत असे नेहमी होते.

आता भिंग घेऊन तुळशीची मंजिरी पाहा. दांड्यावर एकेका पेरावर सहा फुले, समोरासमोर तीन-तीन. प्रत्येक तिकडीत मधले फूल आधी उमलते. परिभाषेत याला पुंजवल्लरी म्हणतात, आणि अशा पुंजांचा अख्खा दांडा म्हणजे थिर्सच. लॅटिनचा नावकर्ता द्राक्ष आणि आपली नावकर्ती तुळस, दोघेही एकाच घरात जाऊन बसले!

हा निव्वळ योगायोग, असे कोणी म्हणेल. माझा तर्क असा, की दोन्हीकडच्या लोकांनी नाव देताना फक्त बाहेरचा आकार पाहिला, टोकाकडे निमुळता होत गेलेला झुपका. कुठले फूल आधी उमलते, हा हिशेब नंतरच्या शास्त्रज्ञांचा. त्यांना बहाव्यासारख्या फुलोऱ्यासाठी नाव हवे होते, म्हणून त्यांनी जुनाच शब्द घेऊन कापून-छाटून बसवला. छाटताना आत काय उरते आणि बाहेर काय पडते, याची त्यांनी फारशी पर्वा केलेली दिसत नाही. बहावा मात्र या व्याख्येत अगदी चपखल बसतो.