‘ग्रुएलिंग’ : एका विशेषणाची हकिकत

इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘ग्रुएलिंग’ हे विशेषण आपण नेहमी वाचतो. ग्रुएलिंग शर्यत, ग्रुएलिंग उलटतपासणी. कोशात अर्थ सापडतो : दमछाक करणारे. पण ‘आर्ड्युअस’चा अर्थही आपण ‘खडतर’ असाच सांगतो. मग फरक तो कोणता? ‘आर्ड्युअस’च्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ उंच, चढणीचा, आणि चढण माणूस स्वखुशीनेही चढतो. ‘ग्रुएलिंग’मध्ये मात्र कोणीतरी दुसऱ्याला पिळून काढीत असल्याचा भाव आहे. तो कोठून आला?

‘ग्रुएल’ म्हणजे ओटच्या पिठाची पातळ पेज. आपल्या कोकणात पेज हे कष्टकऱ्याचे व आजाऱ्याचे अन्न. तिला सजा कोणी म्हणणार नाही. इंग्लंडात मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘आपली पेज मिळणे’ म्हणजे शिक्षा भोगणे, असे बोलीत म्हणू लागले होते. पुढे त्यातूनच हे विशेषण घडले.

१८३४ च्या गरीब कायद्याने ही थट्टा जणू खरी करून दाखविली. मदत हवी असेल त्याने ‘वर्कहाऊस’मध्ये यावे, आणि तेथील जिणे बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुरापेक्षाही हलके असावे, हे त्या कायद्याचे तत्त्व! सरकारी आहारतक्त्यात धडधाकट पुरुषाच्या न्याहारीला १२ औंस पाव व दीड पिंट ग्रुएल असे. १८३७ पासून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या डिकन्सच्या कादंबरीतला ऑलिव्हर ट्विस्ट आणखी मागतो, ती हीच पेज. डिकन्सने अतिशयोक्ती केली म्हणावे, तर १८४५ साली अँडोव्हरच्या वर्कहाऊसचे प्रकरण उघडकीस आले : खतासाठी कुटायला दिलेली हाडेच भुकेले लोक चोखीत होते. त्या गदारोळानंतर १८४७ मध्ये गरीब कायद्याचे कमिशनच बरखास्त झाले.

पण तो हिशेबीपणा काही संपला नाही. तो आपल्याकडेही आला. १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराचे धान्य दीड पौंडावरून एका पौंडावर आणविले. वर किरकोळ पैसे. मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी त्या मजुरीवर काम करण्यास नकार दिला व ते कामे सोडून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. त्याच वर्षी टेंपलसाहेब मुंबईचे गव्हर्नर झाले.