‘सिंगापूर चेरी’ ही चेरी नव्हे

शुक्रवार पेठ, सोलापूर : मुले ज्याची लाल, गोड फळे वेचून खातात, त्या ‘सिंगापूर चेरी’चा सिंगापूरशी वा चेरीशी संबंध नाही. दक्षिण मेक्सिकोपासून बोलिव्हियापर्यंतचा प्रदेश हे या वृक्षाचे मूलस्थान होय. लिनियसने १७५३ मध्ये त्यास ‘मुंटिंजिया कॅलाब्युरा’ हे शास्त्रीय नाव दिले. प्रजातीचे नाव डच वनस्पतिशास्त्रज्ञ अब्राहम मुंटिंग यांच्यावरून आले आहे.

खरी चेरी गुलाबाच्या कुलातील. उत्तर अमेरिकेतील रानटी काळी चेरी (प्रूनस सेरोटिना) हे तिचे ठळक उदाहरण. तिच्या फळात एकच टणक आठळी असते. आठळीतील बी व पाने यांपासून सायनाइड तयार होते. कोमेजलेली पाने खाऊन गुरे दगावतात. सिंगापूर चेरीत मात्र खसखशीहून बारीक असंख्य बिया असून त्या गरासह निर्धास्त खाल्ल्या जातात.

वर्गीकरणात या झाडाची बरीच भटकंती झाली. काहींनी ते रुद्राक्षाच्या कुलात घातले होते. अखेर १९९८ मध्ये त्यासाठी ‘मुंटिंजिएसी’ हे स्वतंत्र कुल स्थापन झाले. त्याचा गण भेंडीचा. म्हणजे ज्या कापसावर सोलापूरच्या गिरण्या चालल्या, तो त्याचा दूरचा नातलग ठरतो. वटवाघळे व पक्षी बिया पसरवीत असल्याने भिंतींच्या फटींतही रोपे उगवतात.