शिध्यांतील सिगारेट

व्यसन सोडण्याचा उपदेश कांहीं नवा नव्हे. परंतु ज्या हातानें व्यसन लावलें त्याच हातानें तें सोडवावयास निघावें, असा प्रसंग इतिहासांत विरळाच. अमेरिकेच्या सैन्यांत तो घडला आहे.

१९१८ सालीं, पहिल्या महायुद्धाच्या ऐन धुमाळींत, अमेरिकन सैनिकाच्या शिध्यांत तंबाखूचा अधिकृत समावेश झाला. दुसऱ्या महायुद्धांत त्याच्या जेवणाच्या पुड्यांत बिस्किटें व कॉफी यांच्या जोडीला सिगारेटीहि असत. भीति, जागरण आणि घरची ओढ यांवर हा स्वस्त उतारा होय, अशी तेव्हांची समजूत होती. घरून निर्व्यसनी निघालेल्या विशींतल्या पोराच्या हातीं सरकारच अशा रीतीनें सिगारेट ठेवीत असे.

१९६४ सालीं सरकारचे मुख्य आरोग्याधिकारी डॉ. ल्यूथर टेरी यांच्या अहवालानें धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा कार्यकारणसंबंध उघड केला. तरीहि शिध्यांतील सिगारेट बंद व्हावयास १९७५ साल उजाडलें! मधल्या काळांत व्हिएतनामच्या रणांगणावर लाखों तरुण तोच शिधा घेऊन लढले.

पुढें १९८६ सालीं संरक्षणखात्यानें धूम्रपानाविरुद्ध धोरण जाहीर केलें. १९९४ सालीं कामाच्या बंदिस्त जागीं धूम्रपानास मनाई झाली. पण नुसत्या हुकुमानें व्यसन सुटत नाहीं. २००५ सालच्या पाहणींत शेंकडा सुमारें ३२ सैनिक धूम्रपान करीत असल्याचें दिसून आलें. तेव्हां २००७ सालीं खात्यानें जाहिरातींचा मार्ग धरला. ही मोहीम मुख्यतः १८ ते २४ वर्षांच्या सैनिकांसाठीं होती. तिच्या नांवाचा आशय असा : तंबाखू सोडा, सर्वांस अभिमान वाटूं द्या. या नांवांतच मोठें मर्म आहे. ज्यानें मृत्यूशीं गांठ घेण्याचें पत्करलें, त्यास तीस वर्षांनंतरच्या कर्करोगाचें भय काय दाखवावें? म्हणून भयाऐवजीं स्वाभिमानास हांक देण्यांत आली.

परंतु त्याच वेळीं लष्करी दुकानांत सिगारेट बाहेरच्या बाजाराहून स्वस्त मिळत होती. भिंतीवर उपदेश आणि फळीवर सवलत! पुराणांतलीं वांगीं पुराणांत, ही आपली म्हण येथें तंतोतंत लागू पडते. २००९ सालीं तज्ज्ञांच्या समितीनें सैन्य क्रमाक्रमानें तंबाखूमुक्त करावें, अशी शिफारस केली. तथापि युद्धभूमीवरील सैनिकांस आम्ही मनाई करणार नाहीं, असें खात्यानें सांगितलें. दुकानांतील किंमत स्थानिक बाजारभावास जुळवावी, हा आदेश निघाला तो २०१६ सालीं.

खात्याचा हेतु खोटा होता, असें आम्ही म्हणत नाहीं. रणांत उभ्या असलेल्या मुलाचा एकुलता विसांवा हिरावून घेणें कोणास सोपें वाटेल? पण तो विसांवा त्यास कोणीं शिकविला, हा प्रश्न उरतोच. सवय लावण्यास एक पुडा पुरतो. ती मोडावयास एका राष्ट्रास शंभर वर्षेंहि पुरलीं नाहींत.