चार रेघांचा हात

श्रीरामपूरहून निघा. साल 1941, जानेवारी संपत आलेला. स्टेशनावर पाटी बेलापूरची आहे, शिवारात प्रवरेच्या कालव्याचं पाणी खेळतंय, हरेगाव-टिळकनगरच्या साखर कारखान्यांकडे उसाच्या गाड्या चालल्या आहेत. हे सगळं मागे टाका आणि थेट उत्तर चीनमध्ये उतरा. हपेई प्रांत, डोंगराळ थांग परगणा, गेगोंग नावाचं खेडं.

थंडीने कानशिलं बधिर होतात. जपानशी युद्ध चालू आहे आणि इथं दवाखान्याची इमारत अशी नाहीच. शेतकऱ्यांची घरं हेच वॉर्ड. आतून ऊब खेळवलेल्या विटामातीच्या ओट्यांवर जखमी शिपाई झोपले आहेत. तुमच्या हातात राळ्याच्या पेजेचा वाडगा येतो. राळा तुमच्या आजीला ठाऊक होता, त्यामुळे पहिला घास तरी परका लागत नाही.

दवाखान्याला नाव आहे नॉर्मन बेथ्यून या कॅनेडियन सर्जनचं. शस्त्रक्रिया करताना त्यांचं बोट कापलं, विष रक्तात भिनलं आणि 12 नोव्हेंबर 1939 रोजी याच थांग परगण्यात ते गेले. आता या दवाखान्याचा कारभार नुकताच हाती घेतलाय सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी. वय वर्षं तीस. 1 सप्टेंबर 1938 ला मुंबईहून बोटीने निघालेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी ते एक, नागपूरचे डॉ. चोळकरही त्यांच्यात होते. इथं कोटणीसांचं नाव आहे के दीहुआ.

तुम्ही नवे मदतनीस. लिहिता-वाचता येत नसेल तर पट्ट्या धुवा, पाणी तापवा. चिठ्ठ्या मात्र दुसऱ्याने वाचायच्या. म्हणून वैद्यक शाळेतला एक पोरगा तुम्हाला अंगणात बसवतो आणि हाती काडी देतो. कागद जखमींच्या नोंदींसाठी राखलेला, तेव्हा पाटी म्हणजे ही माती.

पहिलं अक्षर ‘हात’. उच्चार ‘शौ’, पण आवाज खाली उतरवून किंचित वर न्यायचा. उंच आणि सपाट म्हणालात तर त्याचा अर्थ ‘गोळा करणं’ होतो. पोरगा काढून दाखवतो. वर एक आखूड तिरपा फटकारा, उजवीकडून डावीकडे. त्याखाली आडवी रेघ. तिच्याखाली दुसरी आडवी, पहिलीहून लांब. चौथी रेघ वरच्या फटकाऱ्यातून निघते, दोन्ही आडव्यांना छेदत खाली येते, मध्ये जराशी उजवीकडे फुगते आणि तळाशी विळ्याच्या टोकासारखी डावीकडे वळते. संपलं.

तुम्ही काढायला जाता आणि सवयीने उभा दांडा आधी ओढता. पोरगा तळव्याने माती सारखी करतो. ‘‘आडव्या आधी, उभी नंतर. वरून खाली. पुन्हा काढा.’’ पुन्हा काढता. वर शिरोरेषा द्यायला हात शिवशिवतो, तो आवरा. हळूहळू काडी डोक्याला न विचारता चालू लागते. ही लिपी अशीच येते, मनगटातून. तीन हजार वर्षांपूर्वीच्या काशाच्या भांड्यांवर हेच अक्षर पाच बोटांचं चित्र होतं, हे कळल्यावर चार रेघांत तुम्हाला बोटं दिसायला लागतात.

आता ते वापरायचं. ‘हात’ आणि पुढे ‘कौशल्य’ लिहिलं की शस्त्रक्रिया. ‘नवा’ आणि ‘हात’ म्हणजे नवशिका, ते तुम्ही. ‘मदत’ आणि ‘हात’ म्हणजे सहायक. ते तुम्ही लवकरच. आणि हेच अक्षर अंग चोरून, तीन रेघांचं होऊन दुसऱ्या अक्षराच्या डाव्या बाजूला उभं राहतं. दाबणं, बदलणं, दोघांनी मिळून उचलणं, प्रत्येकात ते आहे. तुम्ही रक्त थांबवायला जखम दाबता, पट्टी बदलता, स्ट्रेचर उचलता. दिवसभराच्या कामाची अक्षरं डावीकडच्या त्या हातावरून ओळखू यायला लागतात.

तेवढ्यात कोटणीस समोरून वर्गाकडे जातात. धावत जाऊन मराठीत बोलावंसं वाटेल, पण विद्यार्थी खोळंबले आहेत आणि ते शिकवणार आहेत चिनीतून. मुंबई सोडून त्यांना अजून अडीच वर्षंही झालेली नाहीत. चिनी लिपी आपल्याला जमणार नाही असं आपण इथं बसून सर्रास म्हणतो, त्याला माझ्या मते एवढं उत्तर पुरेसं आहे. समोरच्या माणसाची दुखरी जागा समजून घ्यायची निकड असली की लिपी आडवी येत नाही.

पुढे त्यांनी शस्त्रक्रियेवरचं पाठ्यपुस्तक चिनीत लिहिलं. दुसरं लिहिता लिहिता राहिलं. 9 डिसेंबर 1942 रोजी, बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. नोव्हेंबर 1941 मधल्या लग्नाला नुकतंच एक वर्ष पूर्ण झालं होतं. पत्नी क्वो छिंगलान तिथल्याच शाळेत शुश्रूषा शिकवत. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. त्याचं नाव यिनहुआ: यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

सोलापुरात भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. श्रीरामपूरहून नगर, करमाळा, टेंभुर्णी करत तिथं जाता येतं. मुलांना घेऊन जा, आणि निघण्याआधी त्यांच्याकडून वहीवर या चार रेघा काढून घ्या. आडव्या आधी, उभी नंतर.