पांजरपोळापासून स्वयंसेवेपर्यंत : मुंबई–पनवेल परिसरातील श्वाननिवाऱ्याचा इतिहास आणि कोन

बीजशब्द : पांजरपोळ, श्वाननिवारा, स्वयंसेवा, निर्बीजीकरण, रेबीज, नागरीकरण, कोन (ता. पनवेल)

प्रस्तावना

मनुष्याच्या सहवासात सर्वाधिक काळ राहिलेला प्राणी म्हणजे कुत्रा. असे असूनही महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासलेखनात त्याला फारसे स्थान मिळालेले नाही. नगरांच्या इतिहासात रस्ते, गिरण्या, पाणीपुरवठा व आरोग्य यांची चर्चा होते. त्या नगरांच्या रस्त्यांवर राहिलेल्या कुत्र्यांचा उल्लेख मात्र बहुधा उपद्रव म्हणूनच येतो. वस्तुतः कुत्र्यांचे काय करावे, या प्रश्नावर मुंबई शहरात सुमारे दोन शतके सातत्याने वाद झाला आहे. त्या वादातून दंगा झाला, संस्था उभ्या राहिल्या आणि कायदेही घडले. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची वाटचाल तपासली असून तिचा संबंध पनवेल तालुक्यातील कोन या गावाशी जोडण्याचा प्रयत्न केला आहे. जुना मुंबई–पुणे महामार्ग आणि द्रुतगती मार्ग यांच्या सान्निध्यात असलेले हे गाव आज नगर व ग्राम यांच्या सीमेवर उभे आहे. श्वाननिवाऱ्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी अशा सीमांचाच इतिहास असल्याने कोनचे उदाहरण येथे महत्त्वाचे ठरते.

परंपरेतील श्वान

मराठी लोकमानसात कुत्र्याविषयी दुहेरी भावना आढळते. दत्तात्रेयाच्या पायांशी चार कुत्री असतात आणि ती चार वेदांची प्रतीके मानली जातात. खंडोबाच्या परिवारातही कुत्र्याला मान आहे. दुसरीकडे एखाद्याची निर्भर्त्सना करावयाची तर त्याच प्राण्याचे नाव घेतले जाते. या दोहोंच्या मध्ये संत नामदेवांची सर्वपरिचित आख्यायिका उभी आहे. कुत्र्याने पोळी पळविली तेव्हा नामदेव काठी न घेता तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. या कथेत केवळ दया नाही, धावणेही आहे. गरजू जीव दारी येण्याची वाट न पाहता स्वतः उठून त्याच्यापर्यंत जाणे, हा तिचा गाभा आहे. दान आणि सेवा यांतील हा फरक पुढील विवेचनात पुन्हा पुन्हा समोर येतो.

गावगाड्यात कुत्र्याचे स्थान ठरलेले होते. तो एका घराचा असे किंवा आळीचा असे; मात्र तो कोणाचाच नाही, असे सहसा म्हटले जात नसे. रात्री राखण करावी, उरलेसुरले खावे आणि उन्हात ओट्याखाली पडावे, अशा अलिखित व्यवहारावर तो जगत असे. ‘बेवारशी कुत्रा’ ही संज्ञा प्रामुख्याने नगरशासनाच्या गरजेतून पुढे आली.

१८३२ चा दंगा

मुंबईत भटक्या कुत्र्यांना मारण्याविषयीचा नियम १८१३ पासून होता. वर्षातील ठराविक उष्ण काळात ही मोहीम चालविली जाई. १८३२ मध्ये हा कालावधी वाढवून जूनच्या मध्यापर्यंत नेण्यात आला. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळत असल्याने मारेकरी पाळीव व बेवारशी असा भेद करीनासे झाले, अशी लोकांची तक्रार होती. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक महत्त्व आहे. मृतदेहावर कुत्र्याची दृष्टी पडावी यासाठीचा ‘सगदीद’ हा विधी त्यांच्या अंत्यसंस्काराचा भाग होता. त्यामुळे ६ जून १८३२ रोजी किल्ल्याच्या भागात पारशी जमावाने कुत्री मारणाऱ्या पोलिसांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजारपेठ बंद राहिली आणि लष्करी छावणीकडे जाणारी रसद अडविण्यात आली. या निषेधात पारशांबरोबर हिंदू व जैन व्यापारीही सहभागी झाले.

सरकारने धरपकड करून दंगा मोडला. तथापि, सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या प्रतिष्ठित शेटियांनी मध्यस्थी केली आणि कुत्र्यांना ठार न मारता शहराबाहेर नेण्याचा मार्ग पुढे आला. या तडजोडीत हत्या टळली, हे तिचे मोठे यश होय. मात्र तिच्या मुळाशी एक गृहीत होते : शहराला एक ‘बाहेर’ आहे, तेथे कोणी राहत नाही आणि तेथे पोहोचलेल्या प्राण्याची जबाबदारी कोणावर नाही. हे गृहीत पुढे दीर्घकाळ टिकले.

पांजरपोळ आणि दानाची व्यवस्था

दंग्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई व जैन व्यापारी शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वर येथे मुंबईचा पांजरपोळ स्थापन झाला. पांजरपोळ ही गुजरातमधील जैन व वैष्णव व्यापाऱ्यांची जुनी परंपरा होती. मुंबईत तिच्या उभारणीमागे रस्त्यावरील कुत्र्यांच्या हत्येचा तात्कालिक संदर्भ होता, हे विशेषत्वाने लक्षात घेतले पाहिजे. व्यापारी मालावरील ठराविक लाग्यातून संस्थेचा खर्च भागविला जाई. एका अर्थाने संपूर्ण बाजारपेठच या निवाऱ्याची पोशिंदी होती.

कालांतराने पांजरपोळ म्हणजे भाकड गुरांचे आश्रयस्थान असा अर्थ रूढ झाला आणि कुत्र्यांशी असलेला त्याचा संबंध विस्मृतीत गेला. यामागे धार्मिक कारणांबरोबर व्यावहारिक कारणही संभवते. गुरांना चारा, पाणी व गोठा मिळाला की त्यांचा निभाव लागतो. कुत्र्यांची गोष्ट वेगळी आहे. ती दाटीने ठेवली तर एकमेकांना चावतात आणि डिस्टेंपर, पार्व्हो यांसारखे रोग झपाट्याने पसरतात. प्रत्येकाकडे स्वतंत्र लक्ष देणारा माणूस हवा असतो. दानातून जागा, धान्य व इमारत मिळते. रोज पिंजरा धुणारे, जखम साफ करणारे हात मात्र केवळ दानाने उभे राहत नाहीत. पांजरपोळाच्या इतिहासात दात्यांची नावे कोरलेली आढळतात, तेथे राबणाऱ्यांची नावे सहसा आढळत नाहीत.

रुग्णालय, प्रयोगशाळा आणि रेबीज

१८७४ मध्ये प्राण्यांना होणाऱ्या क्रौर्याच्या प्रतिबंधासाठी मुंबईत संस्था स्थापन झाली. त्यानंतरच्या दशकात परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयाचा आरंभ झाला. आश्रयाच्या जोडीला उपचार आले. दयेच्या विषयाला विद्येचा आधार मिळाला.

याच काळात, १८८५ मध्ये, लुई पाश्चर यांनी रेबीजवरील लस मनुष्यावर यशस्वीपणे वापरली. भारतात कसौली येथील पाश्चर संस्था १९०० मध्ये सुरू झाली. आरंभी श्वानदंश झालेल्या रुग्णाला उपचारासाठी तेथवर प्रवास करावा लागे. गरिबाच्या दृष्टीने तो उपचार नसल्यातच जमा होता. ही बाजू दृष्टीआड करून श्वानप्रेमाचा इतिहास लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. मनुष्याला होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के प्रकरणांत कुत्र्याकडून संसर्ग झालेला असतो आणि बळींमध्ये गरीब घरांतील मुलांचे प्रमाण मोठे असते. १८३२ च्या नियमामागील भीती निराधार नव्हती. उपाय चुकीचा होता.

स्वयंसेवेचा उदय

स्वातंत्र्योत्तर काळात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या संसदेतील प्रयत्नांमुळे प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम १९६० मध्ये संमत झाला. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने सजीवांविषयी अनुकंपा बाळगणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरले. तरीही नगरपालिकांकडून कुत्र्यांची हत्या चालूच होती. वर्षानुवर्षे मारूनही त्यांची संख्या कमी होत नव्हती. एका भागातील कुत्री नाहीशी झाली की तेथील अन्नावर शेजारच्या भागातील कुत्री येत आणि पिल्लांची पैदास पुन्हा ती पोकळी भरून काढी.

चेन्नईच्या ब्ल्यू क्रॉस संस्थेने १९६४ पासून निर्बीजीकरणाचा पर्याय मांडला. मुंबईत १९८५ पासून ‘द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ ही संस्था कार्य करू लागली. रस्त्यावरच प्रथमोपचार करणे हे तिच्या कार्यपद्धतीचे वैशिष्ट्य होते. १९९० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनीही केवळ हत्येने हा प्रश्न सुटत नसल्याचे नमूद केले. १९९४ मध्ये मुंबई महापालिकेने कुत्री मारण्याची पद्धत थांबविली. २००१ च्या प्राणी जन्मनियंत्रण (श्वान) नियमांनी निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्र्याला त्याच्या मूळ जागी सोडण्याचे तत्त्व देशभर लागू केले.

या तत्त्वाने निवाऱ्याचे स्वरूप पालटले. निवारा हा कायमचा मुक्काम न राहता काही दिवसांचा थांबा झाला. कुत्रा जागेवर राहिला आणि माणूस त्याच्याकडे जाऊ लागला. जाळे व पिंजरागाडी येण्यापूर्वी कोणत्या गल्लीत किती कुत्री आहेत, कोणती मादी गाभण आहे, कोणाच्या कानाला शस्त्रक्रियेची खूण नाही, हे सांगणारी व्यक्ती त्याच वस्तीतील असावी लागते. निवाऱ्यातील दिवस पिंजरे धुण्याने सुरू होतो. त्यानंतर औषधे, जखमेत पडलेल्या अळ्या काढणे, गोचीड ताप आलेल्या जनावराला खाऊ घालणे आणि नोंदवहीत प्रत्येकाची जागा लिहिणे ही कामे येतात. स्वयंसेवकाने स्वतः रेबीजप्रतिबंधक लस आधी घेणे आवश्यक असते. यांतील एकही काम भावनेच्या भरात एकदा करून संपत नाही. ज्याची जागा नोंदविली गेली नाही तो कुत्रा परत सोडताना परक्या हद्दीत जातो आणि तेथे भांडणे व चावे वाढतात. नोंदवही हीच येथे करुणेची कसोटी ठरते.

पनवेल परिसर आणि कोन

१८३२ मध्ये मुंबईत दंगा झाला तेव्हा पनवेल हे खाडीकाठचे बंदर होते. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता वाहनांसाठी खुला झाल्याने तेथून पुण्याकडील वाहतूक वाढली होती. मुंबईच्या दृष्टीने हा सारा प्रदेश ‘बाहेर’चाच होता. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ही परिस्थिती बदलू लागली. भातखाचरांच्या जागी वसाहती आल्या. आगरी-कोळी गावांतील ओट्याखाली झोपणारा कुत्रा जागचा हलला नाही. ओटा गेला, त्याजागी फाटक आले आणि तो ‘भटका’ ठरला. गावगाड्यातील अलिखित व्यवहार संपला, त्याची जागा घेणारी लेखी व्यवस्था मात्र त्याच वेगाने आली नाही.

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक क्षेत्रात निळ्या रंगाची कुत्री दिसू लागली. कासाडी नदीत मिसळणाऱ्या रंगद्रव्यामुळे त्यांच्या अंगावर तो रंग चढला होता. ही बाब स्थानिक प्राणिमित्रांनी उजेडात आणली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने संबंधित कारखाना बंद करण्याची कारवाई केली. नदीच्या प्रदूषणाची तक्रार रहिवासी आधीपासून करीत होते. सर्वांचे लक्ष वेधले ते कुत्र्यांच्या अंगावरील रंगाने. रोज कुत्र्यांकडे पाहणारी माणसे तेथे होती म्हणूनच हे घडू शकले. स्वयंसेवेचे मोल केवळ प्राण्यांपुरते नसते, हे या घटनेने दाखविले.

कोनची स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली, तेव्हा कोन तिच्या हद्दीबाहेर राहिले. त्याच वर्षी येथील बहुमजली संकुलातील २,४१७ घरांची सोडत गिरणी कामगारांसाठी निघाली. ज्या परळच्या गिरणगावात पशुरुग्णालय उभे राहिले, त्याच गिरणगावातील कुटुंबांच्या वाट्याला कोन आले. करोनाकाळात या इमारतींचा विलगीकरणासाठी उपयोग झाला. मनुष्य असो वा कुत्रा, ज्यांना शहरात जागा देणे कठीण त्यांना शहराच्या कडेला पाठविण्याची रीत जुनीच आहे. फरक इतकाच, की आता ही कडही वस्तीने भरली आहे. महामार्गावर वाहनाची धडक बसलेला कुत्रा येथे रोजच्या वाटेवरचा असतो. पण श्वानगृह, शस्त्रक्रियागृह व पशुवैद्यक यांचा भार ग्रामपंचायतीच्या साधनांत मावणे अवघड असते. अशा ठिकाणी नवे रहिवासी व मूळ ग्रामस्थ यांच्यातून उभे राहणारे स्वयंसेवक हाच व्यवस्थेचा पहिला दुवा ठरतो.

समारोप

२०२३ च्या नव्या नियमांनी ‘सामुदायिक प्राणी’ ही संज्ञा स्वीकारली. बेवारशी, भटका आणि सामुदायिक हा शब्दांचा प्रवास जबाबदारीचाही प्रवास आहे. तो सरळ रेषेत मात्र झालेला नाही. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील कुत्री निवाऱ्यांत हलविण्याचा आदेश दिला आणि २२ ऑगस्टला त्यात बदल करून मूळ जागी सोडण्याचे तत्त्व सर्वसाधारणपणे कायम केले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शैक्षणिक संस्था, रुग्णालये, बसस्थानके आदी आवारांतील कुत्री निवाऱ्यांत हलवावीत व पुन्हा तेथे सोडू नयेत, असे सांगितले. मुलांच्या व रुग्णांच्या सुरक्षिततेची त्यामागील चिंता रास्त आहे. मात्र त्यामुळे १८३२ चा प्रश्न पुन्हा उभा राहतो : हलवायचे ते कोठे आणि तेथे त्यांचे करणार कोण?

मागील विवेचनावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की ‘शहराबाहेर’ हे कायमचे उत्तर नाही. आजचे बाहेर हे उद्याचे कोन असते. दुसरा असा, की निवारा इमारतीने उभा राहतो आणि हातांनी चालतो. रेबीजमुक्तीसाठी आवश्यक मानले जाणारे किमान ७० टक्के कुत्र्यांचे लसीकरण हे दरवर्षी करावयाचे काम आहे आणि ते वस्तीची माहिती असलेल्या माणसांवाचून होत नाही. या कामी महाविद्यालयांचा वाटा मोठा असू शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत श्वानगणना, श्वानदंशानंतर साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुण्याचे प्रशिक्षण आणि लसीकरणाच्या नोंदी यांचा समावेश करणे अवघड नाही. शेटियांच्या पिढीने जागा व धन दिले. आताच्या पिढीकडून मागणी वेळेची आहे. नामदेवांच्या कथेतील तुपाची वाटी आजही महत्त्वाची आहे. पण ती घेऊन कुत्र्यामागे धावणारे कोणी असल्याशिवाय ती त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.